जमीन महसुलाची नोटीस आलीय? तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत कुणाकडे, कधी आणि काय घेऊन जायचं

जमीन महसुलाचा वाद निघाला की बहुतेक जण सरळ तलाठ्याकडे जातात. तो म्हणतो तहसीलला जा, तहसीलचा क्लार्क म्हणतो हे प्रांताचं काम आहे, आणि प्रांत ऑफिसात गेल्यावर कळतं की तुमच्या हातात अजून आदेशच नाही, मग अपील कशावर करणार? या फिरण्यात मुदत निघून जाते आणि मग खरा त्रास सुरू होतो. अकृषिक आकारणी आणि दंडाच्या एका प्रकरणात मी खालपासून बराच वर गेलोय, वाटेत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ जिथे लागू आहे तिथलं. वकिलाला पर्याय म्हणून हे वाचू नका, पण वकिलाकडे जाताना तुम्हाला काय विचारायचंय ते तरी माहीत असेल.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तुमची पुढची पायरी कोणती हे ठरतं ते कागदावर खाली सही कुणाची आहे त्यावरून, आणि मुदत मोजायची ती तो कागद तुमच्या हातात कधी पडला त्यावरून. कोण साहेब ओळखीचे आहेत, कुणाचं ऑफिस जवळ आहे, याचा काही संबंध नाही.

१. आधी बघा, वाद महसूल खात्याचाच आहे का

हे हास्यास्पद वाटेल पण तहसीलच्या लायनीत उभी असलेली कितीतरी माणसं चुकीच्या दारात असतात.

घरपट्टी, पाणीपट्टी ही ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची. गावात घरपट्टी जास्त लावली तर त्याचं अपील पंचायत समितीकडे, तहसीलदार त्यात काही करू शकत नाही. मुद्रांक शुल्क कमी भरलंय म्हणून नोटीस आली तर ती मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांची असते. नावात जिल्हाधिकारी असलं तरी ते नोंदणी व मुद्रांक विभागाचं वेगळं ऑफिस आहे, त्यामुळे कलेक्टर कचेरीत जाऊन उपयोग नाही. मोजणी चुकली, हद्द हलली, क्षेत्र कमी भरतंय हे भूमी अभिलेखचं. तिथे उपअधीक्षक, जिल्हा अधीक्षक, उपसंचालक आणि सगळ्यात वर पुण्यात जमाबंदी आयुक्त अशी स्वतंत्र रांग आहे. कुळाच्या हक्काचा वाद असेल तर कूळ कायदा, तहसीलदार तिथे शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसतो आणि पुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण येतं. हे न्यायाधिकरण बघून लोकांना वाटतं महसुलाचं सगळं तिकडेच जातं. तसं नाही, साध्या आकारणीच्या अपिलाची वाट तिकडून जात नाही.

आणि जमीन कुणाची, हिस्सा किती, मृत्युपत्र खरं की खोटं हे दिवाणी कोर्टात. सातबारावरची नोंद मालकी ठरवत नाही, ती मुळात सारा कुणाकडून वसूल करायचा यासाठी आहे, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. याच्या उलट, साऱ्याची रक्कम किती हा वाद घेऊन तुम्ही सरळ दिवाणी कोर्टात गेलात तर तिथे मुंबई महसूल अधिकारिता कायदा १८७६ आडवा येतो. इंग्रजांच्या काळातला कायदा, अजून जिवंत आहे. आधी महसुली अपिलं संपवून या, असंच ते सांगतात.

मग महसूल खात्याकडे काय उरतं? शेतसारा, अकृषिक आकारणी म्हणजे लोक ज्याला एनए टॅक्स म्हणतात ती (हिचे नियम बदलत आलेत, तुमच्या जमिनीला सध्या लागू आहे का ते आधी विचारा), परवानगीशिवाय अकृषिक वापर केला म्हणून दंड, माती मुरूम वाळूचा दंड, शर्तभंगाची रक्कम (सरकारने जमीन देताना घातलेली अट मोडल्याबद्दलची), नजराणा म्हणजे परवानगीसाठी सरकारला भरायची रक्कम, आणि या सगळ्याची थकबाकी. शेतसारा स्वतः इतका किरकोळ असतो की त्याच्यावर कुणी भांडत नाही, भांडण होतं ते एनए आणि दंडावर.

अजून एक प्रकार वेगळा काढून ठेवा. महारेराची (बिल्डर आणि गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) वसुली किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्याखालची रक्कम कलेक्टरमार्फत तहसीलदाराकडे येते आणि नोटिशीत लिहिलेलं असतं "जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल". इथे तहसीलदार फक्त वसुली करतोय. रक्कम चुकलीय हे त्याला कितीही समजावलंत तरी तो बदलू शकत नाही, रकमेचा वाद जिथून दाखला निघाला तिथेच करायचा. तहसीलदाराकडे फक्त वसुलीच्या पद्धतीबद्दल बोलता येतं, म्हणजे चुकीच्या माणसाची जमीन जप्त करतायत वगैरे.

२. साखळी समजून घ्या

तलाठी. पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. नोंदी ठेवणं, मागणी काढणं, पैसे घेऊन पावती देणं हे त्याचं काम. निर्णय देणं हे त्याचं काम नाही. तलाठ्याशी भांडून कुणाचाही दंड कमी झालेला नाही, पण तलाठ्याकडून कागद व्यवस्थित मिळाले की अर्धी लढाई सोपी होते, त्यामुळे तिथे डोकं शांत ठेवा.

मंडळ अधिकारी, जुन्या लोकांच्या भाषेत सर्कल. फेरफार मंजूर किंवा नामंजूर करतो, पंचनामे करतो, अहवाल पाठवतो. बिनशेती वापराच्या प्रकरणात याचा स्थळपाहणी अहवाल फार महत्त्वाचा, कारण वरचे सगळे अधिकारी तोच वाचून ठरवतात.

नायब तहसीलदार आणि तहसीलदार. नोटिसा बहुतेक इथून निघतात. तहसीलदार हा तालुक्याचा मुख्य महसूल अधिकारी, वसुलीची जबाबदारी त्याची, दंडाचे आदेशही पुष्कळदा त्याचेच.

उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत. एक, दोन किंवा जास्त तालुके मिळून उपविभाग होतो. पहिलं अपील साधारण इथे.

अपर जिल्हाधिकारी आणि जिल्हाधिकारी. कायद्यात कलेक्टर लिहिलेलं असलं तरी अपिलं बहुतेक ठिकाणी अपर जिल्हाधिकारी ऐकतात. निवासी उपजिल्हाधिकारी म्हणून एक अधिकारी त्याच इमारतीत असतात, सगळे त्यांनाच जाऊन भेटतात, पण ते मुख्यतः प्रशासन बघतात. तुमच्या अपिलाच्या साखळीत ते सहसा नसतात.

विभागीय आयुक्त. राज्यात सहा महसूल विभाग आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. इथेही प्रत्यक्ष सुनावणी बहुतेकदा अपर आयुक्तांपुढे.

त्याच्यावर राज्य शासन, म्हणजे मंत्रालयात महसूल मंत्र्यांपुढची किंवा राज्यमंत्र्यांपुढची सुनावणी. आणि त्या पलीकडे हायकोर्ट, रिट याचिका.

आता यातला सापळा. लोकांना वाटतं सर्कलचा आदेश असेल तर तहसीलदाराकडे अपील, तहसीलदाराचा असेल तर प्रांताकडे, असं एकेक पायरी. चूक. कायद्याच्या शेवटी अनुसूची ई आहे आणि कलम २४७ म्हणतं अपील त्याप्रमाणे करायचं. त्यात उपविभागातल्या प्रांताच्या हाताखालच्या सगळ्याच अधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील प्रांताकडे जातं. सर्कल असो, नायब असो, तहसीलदार असो, पुढचं दार एकच. (कलेक्टरने दुसऱ्या एखाद्या उपजिल्हाधिकाऱ्याला ती अपिलं दिलेली असतील तर त्याच्याकडे.) प्रांताच्या आदेशावर कलेक्टर, कलेक्टरच्या आदेशावर आयुक्त. सर्कलच्या आदेशाविरुद्ध तहसीलदाराकडे "अपील" टाकून महिनोन्महिने बसलेली माणसं मी बघितलीत, अर्ज घेणाऱ्याने शिक्का मारून घेतला म्हणजे तो अर्ज योग्य ठिकाणी गेला असं होत नाही.

३. हातातला कागद नोटीस आहे की आदेश

कागदावर वरच्या भागात बघा. "खुलासा सादर करावा", "का वसूल करू नये", "सुनावणीस हजर राहावे" असं असेल तर ती नोटीस. तिच्यावर अपील होत नाही, तिला उत्तर द्यायचं असतं. "आदेश" असं मधोमध लिहून खाली "ज्याअर्थी... त्याअर्थी" अशी भाषा असेल आणि रक्कम निश्चित केलेली असेल तर तो आदेश, आणि घड्याळ चालू झालंय. तिसरा कागद असतो मागणीची नोटीस, म्हणजे आदेश आधीच झालाय आणि आता पैसे मागतायत. हा तिसरा कागद पहिल्यांदाच तुमच्या हातात पडला असेल तर समजा की मूळ आदेश तुम्हाला कधी मिळालाच नाही, आणि तो मिळवणं हे पहिलं काम.

कागदावरच्या या चार गोष्टी वहीत उतरवून ठेवा: जावक क्रमांक आणि तारीख, कोणतं कलम लावलंय, सही कुणाची, आणि तुम्हाला कागद मिळाल्याची तारीख. पाकीट फेकू नका. पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट पुढे मुदतीचा पुरावा म्हणून लागतं. तलाठ्याने किंवा कोतवालाने हातात दिली असेल तर सही करताना सहीच्या खाली तारीख टाका, ते "नंतर टाकतो" म्हणतात, टाकू देऊ नका.

४. आकडा स्वतः तपासा

हा भाग लोक सोडून देतात आणि थेट "अन्याय झालाय" असं लिहितात. अन्याय झालाय हे साहेबांनी रोज वाचलेलं असतं. आकडा चुकलाय हे लिहिलंत तर त्यांना फाईल उघडावी लागते.

एनएच्या प्रकरणात रक्कम साधारण अशी बनते: वापराखालचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये, गुणिले दर, गुणिले वर्षं, त्यात जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीचा उपकर, आणि परवानगी नसेल तर दंड. हा दंड आकारणीच्या ४० पटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून मूळ आकारणीतली छोटी चूकसुद्धा शेवटी भयंकर मोठी होते.

समजा तुमचं गट क्षेत्र २० गुंठे आहे आणि त्यात एका कोपऱ्यात तीन गुंठ्यांवर शेड आहे. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. शेडखालचं क्षेत्र झालं ३०३ च्या आसपास, पण नोटिशीत बघावं तर २०२३ चौरस मीटर धरलेले, म्हणजे अख्खा गट. का? कारण तलाठ्याने सातबारावरचं पूर्ण क्षेत्र उचलून तक्त्यात टाकलं, सर्कलच्या पंचनाम्यात शेडची लांबी रुंदी लिहिलीच नाही, आणि वर सगळ्यांनी तोच तक्ता पुढे ढकलला. ही चूक इतकी नेहमीची आहे की मी आता कुणाचीही नोटीस बघितली की आधी क्षेत्राचा रकाना बघतो.

दुसरं बघायचं ते वर्षं. वापर कधीपासून धरलाय आणि त्याला आधार काय? वीज मीटर कधी आलं, ग्रामपंचायतीने घरपट्टी कधीपासून लावली, बांधकामाची बिलं, जुने फोटो, यावरून सुरुवात ठरते. तिसरं, वापराचा प्रकार. निवासी, वाणिज्यिक, औद्योगिक यांचे दर वेगळे, राहत्या घराला वाणिज्यिक दर लावलेला असतो. चौथं, आधी भरलेले पैसे वजा केलेत का. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असतं, त्यामुळे मार्चमध्ये भरलेली पावती कोणत्या वर्षात जमा धरली तेही बघा.

गौण खनिजाचं थोडक्यात: परवान्याशिवाय माती मुरूम उचलला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तिथे सगळं पंचनाम्यातल्या ब्रासवर, म्हणजे उचललेल्या मालाच्या मापावर, अवलंबून असतं. खड्डा किती लांब, किती रुंद, किती खोल हे पंचनाम्यात मोजून लिहिलंय की "अंदाजे" लिहिलंय, तेवढंच आधी बघा.

५. कागद गोळा करा

सातबारा, चालू आणि मागची काही वर्षं (डिजिटल सहीचा ऑनलाईन निघतो, जुने हस्तलिखित तहसीलच्या अभिलेख कक्षातून)
खाते उतारा म्हणजे ८अ
संबंधित सगळे फेरफार
एनए झालेली असेल तर बिनशेती आदेश, सनद, मंजूर नकाशा
साऱ्याच्या आणि एनएच्या पावत्या, ऑनलाईन चलन असतील तर तीही
गाव नमुना २ मधला उतारा, अकृषिक आकारणीची नोंद त्यात असते
नोटीस, पाकीट, पंचनामा, सर्कलचा अहवाल
मोजणी झाली असेल तर क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत
वीजबिल, घरपट्टी पावती, तारीख दिसेल असे फोटो
ओळखपत्र, आणि दुसऱ्या कुणाला पाठवणार असाल तर अधिकारपत्र किंवा वकीलपत्र

पंचनामा आणि अहवाल सहजासहजी देत नाहीत. आधी साधा नकलेचा अर्ज करा, नाही मिळालं तर माहिती अधिकार. पावती हरवली असेल तर तलाठ्याकडे गाव नमुना नऊचं पावती पुस्तक आणि आठ ब चं वसुलीचं रजिस्टर असतं, त्यात तुमच्या नावासमोर रक्कम दिसायला हवी. रोख देऊन "पावती नंतर घेऊन जा" हा प्रकार झाला असेल तर देवच वाली.

६. नोटिशीला लेखी खुलासा द्या

तोंडी सांगून येऊ नका. तहसीलदार साहेब चांगले बोलले, "बघतो" म्हणाले, म्हणून लोक निवांत होतात आणि पुढे आदेशात छापून येतं: "संधी देऊनही खुलासा सादर केला नाही."

खुलासा एका पानाचा, मुद्द्यांना नंबर देऊन. क्षेत्र चुकलंय, त्याचा पुरावा सोबत अमुक. वर्षं चुकलीत, पुरावा तमुक. शेवटी दोन मागण्या हमखास टाका: आमच्या समक्ष स्थळपाहणी व्हावी आणि निर्णयाआधी सुनावणी मिळावी. समक्ष स्थळपाहणी झाली तर टेप घेऊन तुम्ही स्वतः उभे राहा, मोजमाप पंचनाम्यात लिहून घ्या आणि मगच सही करा, कोऱ्या पंचनाम्यावर सही मागतात, द्यायची नाही.

दोन प्रती न्या. आवक शाखेत एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. ही पोच म्हणजे पुढच्या सगळ्या अपिलांचा पाया आहे.

७. आदेश झाला की आधी नक्कल, मग बाकी सगळं

अपिलाला आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते, झेरॉक्स चालत नाही. नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा.

मुदत अशी: आदेश कलेक्टरपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर ६० दिवस, नाहीतर ९० दिवस. म्हणजे तहसीलदाराविरुद्ध प्रांताकडे ६०, प्रांताविरुद्ध कलेक्टरकडे ६०, कलेक्टरविरुद्ध आयुक्तांकडे ९०. दिवस मोजायचे ते आदेश तुम्हाला मिळाल्यापासून, आणि नक्कल तयार व्हायला जितका वेळ लागला तो यातून वजा होतो, म्हणून नकलेवरच्या अर्जाची तारीख आणि दिल्याची तारीख दोन्ही नीट उमटल्यात का ते तिथेच बघा. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी चालतं, पण त्या दिवसापर्यंत थांबायची हौस कशाला?

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, सबळ कारण आणि त्याचा पुरावा लावून. दवाखान्याचे कागद, परगावी असल्याचा पुरावा, आदेश मिळालाच नव्हता तर ते दाखवणारं काहीतरी. "कायद्याची माहिती नव्हती" हे कारण सहसा चालत नाही.

इथला सगळ्यात मोठा सापळा: लोकशाही दिनात अर्ज, आपले सरकार पोर्टलवर तक्रार, आमदारांचं पत्र, पालकमंत्र्यांना निवेदन. हे सगळं करा हवं तर, पण यातल्या कशानेही मुदत थांबत नाही. आणि जिथे अपिलाची सोय आहे ते प्रकरण लोकशाही दिनात ऐकतच नाहीत, "योग्य त्या न्यायालयात दाद मागावी" असं उत्तर येतं, तेही दोन महिन्यांनी.

८. अपील आणि स्थगिती एकाच दिवशी

अपिलात वर अपिलार्थी म्हणजे तुम्ही, खाली उत्तरवादी. आकारणीच्या वादात उत्तरवादी तहसीलदार आणि गरज असेल तर तलाठी. मग आदेशाची माहिती, आदेश मिळाल्याची तारीख, अपील मुदतीत कसं आहे त्याचं एक वाक्य, हकीकत, आणि मुद्दे. मुद्द्यांत आधी प्रक्रियेतल्या चुका (नोटीस दिली नाही, सुनावणी नाही, खुलासा विचारात घेतला नाही) आणि मग आकड्यातल्या चुका. शेवटी मागणी स्पष्ट: आदेश रद्द करावा, किंवा निदान अमुक क्षेत्रावर आकारणी सुधारावी. ही "किंवा" वाली मागणी टाकाच. आदेश पूर्ण रद्द करायला साहेब कचरतात, सुधारायला तयार असतात. कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, किती ते त्या ऑफिसच्या अपील शाखेत विचारून घ्या.

आणि हे पाठ करा: अपील दाखल केलं म्हणजे वसुली थांबली असं होत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि स्थगितीचा लेखी आदेश तहसीलला नेऊन द्यावा लागतो, तोही पोच घेऊन. स्थगिती नाकारली तर त्या नकारावर अपील नाही, वरिष्ठांकडे पुनरीक्षण मागावं लागतं (ते काय असतं ते खाली दहाव्या भागात).

दरम्यान वसुलीवाले काय करू शकतात? मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, जमिनीची जप्ती आणि लिलाव, कायद्यात तर अटकेपर्यंतची तरतूद आहे. थकबाकीवर पाव रकमेपर्यंत दंड लागू शकतो. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्यांदा होतं ते एवढंच, की सातबाराच्या इतर हक्कात बोजा चढतो, आणि मग ना कर्ज मिळतं ना विक्री होते. पूर्वी अगदी थोड्या साऱ्याच्या थकबाकीपायी जमिनी सरकारजमा होऊन "आकारपड" म्हणून पडल्यात, नातवंडं अजून त्यासाठी फेऱ्या मारतायत.

स्थगिती मिळत नसेल आणि जप्ती दारात असेल तर एक वाट फार कमी लोकांना माहीत असते. रक्कम निषेध नोंदवून भरता येते, आणि तशी भरली की वसुलीची कारवाई थांबवावी लागते. कायद्यातच तशी तरतूद आहे, तारण देण्याचाही पर्याय आहे. भरताना सोबत पत्र द्या की "सदर रक्कम वादग्रस्त असून निषेध नोंदवून, अपिलातील हक्क अबाधित ठेवून भरत आहे" आणि त्याची पोच घ्या. गुपचूप भरलंत तर पुढे "मान्य करून भरले" असं म्हणायला समोरचा मोकळा.

९. सुनावणी

तारखा ईक्यूजे कोर्ट या महसुली सुनावण्यांच्या सरकारी वेबसाईटवर दिसतात, पण साईटवर एक आणि बोर्डावर दुसरीच तारीख असाही प्रकार होतो, आदल्या दिवशी फोन करून किंवा जाऊन खात्री करा. प्रांत, कलेक्टर हे फुलटाईम न्यायाधीश नाहीत. व्हीआयपी दौरा, निवडणूक, पूर, टंचाई काहीही आलं की बोर्ड पुढे जातं. तरी तुम्ही हजर राहा आणि रोजनाम्यावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीवर, सही करा, कारण ज्या दिवशी तुम्ही जाणार नाही नेमका त्याच दिवशी बोर्ड चालतो.

बोलायला पाच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून लेखी युक्तिवाद दोन-तीन पानांचा तयार ठेवा, त्याला क्षेत्राचा तक्ता जोडा: आदेशातलं क्षेत्र, प्रत्यक्ष क्षेत्र, फरक, पुरावा कोणत्या पानावर. माझ्या प्रकरणात साहेबांनी भाषण ऐकलं नाही, तक्ता मात्र पेन घेऊन ओळीओळीने तपासला आणि मोजणीची प्रत मागितली. प्रकरण "निर्णयासाठी बंद" झालं की अधूनमधून चौकशी करत राहा, आदेश झाला आणि पोस्टात हरवला असंही होतं.

वकील लागतो का? प्रांतापर्यंत आकड्याचा वाद असेल तर स्वतः करता येतो. शर्तभंग, कलमांचा अर्थ, विलंब असलं काही असेल तर घ्या, आणि असा घ्या जो आरटीएस म्हणजे फेरफार-नोंदीची प्रकरणं आणि महसुली अपिलं रोज चालवतो, दिवाणीचा मोठा वकील इथे उगाच लांबण लावतो. ऑफिसबाहेर "फाईल मी फिरवून आणतो" म्हणणारे भेटतील. त्यांच्या हातात मूळ कागद देऊ नका एवढंच सांगतो.

१०. प्रांताने फेटाळलं तर

दुसरं अपील कलेक्टरकडे, तेच सगळं पुन्हा, दोन्ही आदेशांच्या नकला लावून. अपिलं जास्तीत जास्त दोनच. त्यानंतर आयुक्तांकडे जाता येतं ते पुनरीक्षणात, कलम २५७ खाली. पुनरीक्षण हा हक्क नाही, अधिकाऱ्याने आपल्या अधिकारात खालच्या आदेशाची वैधता तपासायची असते, त्यामुळे तिथे "आकडा पुन्हा मोजा" यापेक्षा "खालच्यांनी पुरावा वाचलाच नाही, कायदा चुकीचा लावला" असं मांडावं लागतं. मूळ आदेशच कलेक्टरचा असेल तर मात्र आयुक्तांकडे पहिलं अपील होतं, पुनरीक्षण नाही. इथे पुष्कळ अर्ज चुकीच्या शीर्षकाखाली पडतात.

पुनर्विलोकन वेगळं, कलम २५८, म्हणजे ज्याने आदेश दिला त्यालाच पुन्हा बघायला सांगणं. नवीन महत्त्वाचा पुरावा सापडला किंवा उघड चूक असेल तरच, ९० दिवसांत. कलेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला त्यासाठी आधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते, म्हणून तहसीलदार "मीच दुरुस्त करून देतो" म्हणाले तरी त्यांच्या भरवशावर अपिलाची मुदत घालवू नका. निव्वळ लेखनप्रमाद असेल, म्हणजे २ च्या जागी २० पडलंय असं, तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती होते, तिथे अपिलाच्या भानगडीत पडायची गरज नाही.

मंत्रालय आणि हायकोर्टाबद्दल जास्त लिहीत नाही. तिथपर्यंत जायचं तर रक्कम तेवढी मोठी हवी, नाहीतर खर्चच दंडाच्या वर जातो.

११. आदेश तुमच्या बाजूने आला, आता?

इथे लोक पेढे वाटून घरी बसतात आणि दोन वर्षांनी तीच मागणी पुन्हा येते. अपिलात आदेश रद्द झाला तरी तलाठ्याच्या रजिस्टरमधला आकडा आपोआप बदलत नाही. आदेशाच्या सत्यप्रती काढा, एक तहसीलच्या महसूल शाखेत द्या, एक तलाठ्याकडे. बोजा चढला असेल तर तो कमी करण्याचा अर्ज वेगळा, त्याचा फेरफार पडतो, नोटीस निघते, सर्कल मंजूर करतो, आणि मग सातबारा स्वच्छ होतो. नवीन सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचा. जास्त भरलेली रक्कम परत मिळवायची असेल तर अर्जासोबत मूळ चलन लागेल. रोख परतावा फार रखडतो, त्यामुळे पुढच्या वर्षांच्या आकारणीत वळती करा असं मागितलेलं बरं.

प्रकरण फेरचौकशीला परत पाठवलं असेल तर ते जिंकणं नाही. तहसीलदार पुन्हा नोटीस काढणार, पुन्हा खुलासा, पुन्हा स्थळपाहणी, फक्त यावेळी तुमच्याकडे कागद तयार असतील. आदेशात मुदत दिलेली असते, ती टळून गेली तर लेखी आठवण द्या.

आणि १ ऑगस्टनंतर नवीन वर्षाची मागणी निघते तेव्हा ई-चावडीवर (तलाठी दप्तराची ऑनलाईन सोय) किंवा तलाठ्याकडे आपल्या खात्यावरचा आकडा एकदा बघून या. जुनाच आला असेल तर आदेशाची सत्यप्रत जोडून तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या, मागणी दुरुस्त होईपर्यंत भरू नका, किंवा भरलंत तर वर सांगितलं तसं निषेधाचं पत्र सोबत द्या.